पान खाऊ म्हणून द्या, औषध म्हणून नको

वाचकाचं पत्र

माझा कुत्रा सहा वर्षांचा आहे, मिश्र जातीचा, वजन नऊ किलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत मी कुंड्यांमध्ये कोथिंबीर, पुदिना, बेसिल, पार्सली आणि रोझमेरी लावली आहे. मी पानं खुडायला गेले की हा पायाशी येऊन बसतो आणि एखादं पान मिळाल्याशिवाय हलत नाही. आजवर मी कौतुकाने देत आले. आता मात्र घरात जितकी माणसं तितकी मतं झाली आहेत. जाऊबाई म्हणतात, पिसवा जायला रोज लसणाची एक पाकळी घाल. हल्ली तो उठताना जरा अडखळतो, म्हणून सासरे हळद द्यायला सांगतात. तोंडाला वास येतो, त्यावर मुलीने पुदिन्याचा उपाय वाचलाय. नवऱ्याचं म्हणणं, स्वयंपाकघरातलं काहीच देऊ नये. त्यात भर म्हणजे चार दिवसांपूर्वी कांदा-लसणाच्या वाटणाचं भांडं खाली राहिलं आणि याने ते चाटून लख्ख केलं. चमचाभर वाटण तरी असेल. तो खातोय, खेळतोय, पण माझी झोप उडाली आहे. काय द्यावं, किती द्यावं, आणि त्या वाटणाचं काय करू?

उत्तर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे थांबतील, तो थांबणार नाही.

कांदा, लसूण, कांद्याची पात, लीक, चाइव्ह्ज ही सगळी एकाच कुळातली, आणि कुत्र्यासाठी सगळीच वर्ज्य. त्यांच्यात गंधकाची संयुगं असतात. पोटात गेल्यावर त्यांच्यापासून जे पदार्थ तयार होतात, ते रक्तातल्या तांबड्या पेशींचं नुकसान करतात. पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडतं, त्याचे गोळे पेशीला आतून चिकटून बसतात आणि शरीर अशा पेशी खराब समजून मोडीत काढू लागतं. नव्या पेशी तयार होण्याचा वेग कमी पडला की रक्तक्षय होतो. माणसाच्या पेशी हा मारा सोसतात, कुत्र्याच्या सोसत नाहीत. घरात मांजर असेल तर तिच्या पेशी याहून नाजूक असतात, हेही लक्षात असू द्या.

ही विषबाधा फसवी असते, कारण ती लगेच दिसत नाही. पहिल्या दिवशी फार तर उलटी किंवा जुलाब होतात, कधी तेही होत नाहीत. रक्ताचं नुकसान बाहेर दिसायला बहुतेक वेळा काही दिवस जातात. तोवर मालक निश्चिंत झालेला असतो आणि कुत्रा मलूल का झाला याचा संबंध त्या भांड्याशी लावणं कुणाला सुचत नाही. तुम्हाला सुचलं, हे फार चांगलं झालं.

आता तुमच्या कुत्र्याचा हिशेब करू. एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला तर विषबाधा हमखास दिसते. नऊ किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण ४५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान कांदा. चमचाभर वाटणात एवढा कांदा मावत नाही. त्यामुळे घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण लसूण कांद्यापेक्षा तीव्र मानतात, आणि अकिता, शिबा अशा काही जपानी जातींच्या पेशी जन्मतःच जास्त हळव्या असतात. मिश्र जातीच्या कुत्र्याच्या रक्तात काय उतरलंय हे वरून कळत नाही. म्हणून अजून तीन-चार दिवस त्याच्यावर नजर ठेवा.

नजर ठेवायची ती अशी. उजेडात त्याचा वरचा ओठ अलगद वर करा आणि सुळ्याच्या वरची हिरडी बघा. निरोगी हिरडी ओलसर, गुलाबी असते. बोटाने क्षणभर दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या मुळात काळ्या असतील तर खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघा. सकाळ-संध्याकाळ एकदा बघितलं की पुरे, आणि त्याचा नेहमीचा रंग तुमच्या डोळ्यांत बसेल. हिरड्या फिकट, पांढुरक्या किंवा पिवळसर वाटल्या, लघवी तांबूस-तपकिरी झाली, न धावताच धाप लागू लागली, जिना चढायला कंटाळा करू लागला, तर वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. या विषावर उतारा असा नाही. वेळेत गेलात तर शिरेतून द्रव, प्राणवायू, गरज पडल्यास रक्त देऊन कुत्र्याला तारता येतं.

पुढे कधी असं झालंच, तर चौथ्या दिवसाची वाट न बघता पहिल्या दहा मिनिटांत डॉक्टरांना फोन करा. खाल्ल्यापासून तास-दोन तासांत उलटी करवून बरंच काही बाहेर काढता येतं, पण ते काम डॉक्टरांचं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. मिठाचीच विषबाधा होऊ शकते आणि ती कांद्यापेक्षा वेगाने जीव घेते.

मालक हमखास म्हणतात, "पण शिजवलेलं होतं हो." शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने हे विष जात नाही. पूड तर आणखी वाईट, कारण तिच्यातलं पाणी गेलेलं असतं आणि थोडक्यात बराच कांदा भरलेला असतो. तयार सूप, सॉस, मसाल्याच्या वड्या, इतकंच काय लहान मुलांच्या डबाबंद खाण्यातही ही पूड असू शकते. पाकिटावर एवढं एक वाचायची सवय लावून घ्या.

यातून जाऊबाईंच्या लसणाचं उत्तर जवळपास मिळालंच, तरी त्यांची बाजूही नीट सांगते. एक पाकळी खाल्ली म्हणून नऊ किलोचा कुत्रा कोसळत नाही, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. देणाऱ्याला लगेच काही वाईट दिसत नाही. २००० साली जपानमधल्या संशोधकांनी कुत्र्यांना सात दिवस रोज लसणाचा अर्क दिला. किलोमागे पाच ग्रॅम लसणाएवढं ते प्रमाण होतं, म्हणजे तुमच्या कुत्र्यासाठी ४५ ग्रॅम, खूपच झालं. एकाही कुत्र्याला उघड रक्तक्षय झाला नाही, पण तांबड्या पेशी बिघडल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसलं. संशोधकांनी निष्कर्ष काढला तो हाच की कुत्र्याला लसूण देऊ नये. रोजची एक पाकळी याच्या बरीच खाली आहे, मान्य. पण ती देऊन मिळवायचं काय? लसणाने पिसवा जातात याला भरवशाचा पुरावा नाही. ज्याचा फायदा सिद्ध नाही आणि ज्याचं नुकसान दिसलेलं आहे, ते रोज का घालायचं? पिसवांसाठी वजनाप्रमाणे मिळणारी पशुवैद्यकीय औषधं आहेत. ती वापरा, आणि त्याचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा, कारण पिसवांची अंडी नि अळ्या कुत्र्यापेक्षा अंथरुणात आणि फटींतच जास्त असतात.

आता त्याच्या आवडत्या खिडकीकडे येऊ. तुमच्या पाच कुंड्यांपैकी एकही कुंडी हलवायची गरज नाही. मला एकच आग्रह धरायचा आहे. त्याला पान द्या ते खाऊ म्हणून. ज्या दिवशी तेच पान औषध म्हणून द्यायला लागाल, त्या दिवसापासून दोन गोष्टी होतात. गुण आला नाही की आपण प्रमाण वाढवतो, आणि गुण येईल या आशेवर डॉक्टरांकडे जाणं लांबवतो. हिरव्या पाल्याने कुत्र्याचं जे नुकसान होताना दिसतं, त्यात निव्वळ पाल्याचा दोष क्वचितच असतो. बहुतेकदा या दोनांपैकी एक घडलेलं असतं.

कोथिंबीर आणि बेसिल ही अगदी निर्धोक पानं. धुऊन, जाड देठ काढून, बारीक चिरून जेवणावर भुरभुरवा. नऊ किलोच्या कुत्र्याला अर्धा चहाचा चमचा भरपूर झाला, आणि तोही रोज लागत नाही. बारीक चिरायचं कारण साधं आहे. कुत्रा पाला चावत बसत नाही, गिळतो, आणि अख्खं पान बरेचदा जसंच्या तसं बाहेर पडतं. याने त्याला मोठं पोषण मिळेल अशी आशा ठेवू नका. वास आणि चव मिळते, तुमच्या हातून काहीतरी मिळाल्याचा आनंद मिळतो, आणि कुत्र्यासाठी तो आनंद थोडाथोडका नसतो. शेपू आणि थाइम हीसुद्धा याच रांगेतली.

रोझमेरीची दोन-चार सुईसारखी पानं चिरून दिली तरी चालतात. तिचा अर्क कुत्र्यांच्या बऱ्याच तयार खाण्यात टिकाऊपणासाठी वापरतात. फक्त झटके येणाऱ्या कुत्र्याला मी ती देत नाही, कारण तिच्या तेलात कापूर असतो.

पार्सलीबद्दल थोडं जपून. चिमूटभर चिरलेली पार्सली चालते, मूठभर नाही. तिच्यात अशी द्रव्यं असतात की ती फार पोटात गेल्यास कातडी उन्हाला हळवी होते. ऑक्झलेटही बऱ्यापैकी असतं. कॅल्शियम ऑक्झलेटचे मूतखडे झालेल्या कुत्र्याला आणि गाभण कुत्रीला ती देऊच नये. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर आठवड्यातून एक-दोनदा चिमूट टाका.

पुदिना एक-दोन पानं ठीक, पण मूठभर खाल्ला तर त्यातल्या तेलांनी उलटी-जुलाब होऊ शकतात. ओरेगानोचंही तसंच. तमालपत्रासारखं कडक पान त्याच्या ताटात पडू देऊ नका. ते अख्खं गिळलं तर आत टोचतं किंवा अडकतं. जायफळ तर पूर्णच टाळा. त्यातल्या मिरिस्टिसिनने मोठ्या प्रमाणात कुत्र्याचं हृदय धडधडतं, तो भ्रमिष्टासारखा वागतो, झटकेही येऊ शकतात. खिडकीत कोरफड असेल तर तीही उंच ठेवा, तिच्या सालीलगतच्या पिवळ्या चिकाने जोरदार जुलाब होतात.

पान, वाळलेली पूड आणि तेल या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. ताज्या पानात बहुतांश पाणी असतं. वाळवलं की तोच ऐवज थोडक्यात येतो, म्हणून पूड द्यायचीच तर ताज्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच. आणि बाटलीत मिळणारं सुगंधी तेल म्हणजे ढीगभर पाल्याचा अर्क काही थेंबांत. ते पोटात नको, अंगावर नको, पाण्याच्या भांड्यात तर नकोच. पेनीरॉयल नावाचा पुदिन्याचा एक भाऊबंद आहे. पिसवा घालवायला त्याचं तेल अंगाला लावलेला एक कुत्रा यकृत निकामी होऊन मेल्याची नोंद १९९२ साली पशुवैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्याच्या मालकानेही प्रेमापोटीच लावलं होतं. टी ट्री तेल, लवंगेचं तेल, दालचिनीचं तेल यांनाही हाच नियम लावा. अंगाला लावलेलं तेल कुत्रा चाटतो, आणि मग ते पोटातही जातं.

तोंडाच्या वासावर मात्र मला तुमच्या मुलीशी जरा सविस्तर बोलायचं आहे. पुदिन्याने वास झाकला जाईल, फार तर अर्धा तास. सहा वर्षांच्या कुत्र्याच्या तोंडाला वास येतो तेव्हा बहुतेक वेळा दातांवर कीट साचलेलं असतं आणि हिरड्यांच्या कडेला जंतूंनी घर केलेलं असतं. हिरड्या बघायला ओठ उचलालच, तर तोंडाच्या कोपऱ्यातल्या मोठ्या दाढांच्या बाहेरच्या बाजूलाही बघा. तिथे पिवळट-तपकिरी कवच आणि हिरडीच्या काठाला लाल रेघ दिसली, तर वासाचं मूळ सापडलं म्हणून समजा. ते कवच पाल्याने निघत नाही. डॉक्टर भूल देऊन दात साफ करतात, आणि त्यानंतर घरी कुत्र्यांच्याच टूथपेस्टने रोज ब्रश केला तर ते लवकर परत साचत नाही. आपली टूथपेस्ट वापरायची नाही. तो ती थुंकत नाही, गिळतो, आणि काहींमध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य, असतं. हेच झायलिटॉल पुदिन्याच्या स्वादाच्या बिनसाखरेच्या गोळ्यांत आणि च्युइंगममध्येही असतं. कुत्र्याची रक्तातली साखर ते अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतं, यकृतही निकामी करू शकतं. मुलीच्या दप्तरात अशा गोळ्या असतील तर दप्तर जमिनीवर ठेवायचं नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. वास गोडसर फळासारखा किंवा लघवीसारखा वाटत असेल तर दातांऐवजी मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा संशय घ्यावा लागतो. पुदिन्याने नेमकी हीच खूण पुसली जाते, म्हणून मला तो उपाय आवडत नाही.

सासऱ्यांची हळद. चिमूटभर हळदीने कुत्र्याला अपाय होत नाही, पण ज्यासाठी ती द्यायची ते कुर्कुमिन पुडीत जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. प्रमाण वाढवलं की पोट बिघडतं. वेदनाशामक किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पित्ताशयाचा त्रास असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती थोडीही देऊ नये. आल्यालाही हेच लागू. आणि मुख्य म्हणजे, सहाव्या वर्षी उठताना अडखळणं हे लक्षण आहे. ते गुडघा, कंबर, मणका यांपैकी कशाचं आहे हे हाताने तपासून, कदाचित एक्स-रे काढूनच कळेल. सांध्यावरचा भार कमी करायला वजन आटोक्यात ठेवण्याइतका गुणकारी घरगुती उपाय दुसरा नाही. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या हाताने बरगड्या लागत नसतील तर जेवण थोडं कमी करायचंय. आणि कितीही लंगडला तरी माणसांची वेदनाशामक गोळी द्यायची नाही. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या दोन्हींनी कुत्रे दगावतात.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. शिजलेल्या, फोडणी दिलेल्या, मीठ-मसाला पडलेल्या जेवणाबद्दल ते अगदी बरोबर आहेत. त्यात कांदा-लसूण कुठे दडलाय हे वाढणाऱ्यालाही आठवत नाही. त्याला द्यायचं ते मीठ-मसाला घालण्याआधीच बाजूला काढा, उरलेल्यातून नको. असा सगळा वरखाऊ मिळून त्याच्या दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहिला पाहिजे. कुंडीतल्या पानाला मात्र त्यांनी हरकत घेऊ नये.

कुंडीतल्या मातीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला पाल्यापेक्षा तिची जास्त भीती वाटते. एरंडीची पेंड खत म्हणून घालत असाल तर आजच बंद करा. तिचा वास कुत्र्यांना भुरळ घालतो आणि तिच्यात रिसिन नावाचं जहाल विष राहिलेलं असू शकतं. हाडांच्या खतासाठीही कुत्रे माती उकरून खातात आणि ते पोटात गोळा होऊन अडकतं. गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी थरथर आणि झटके सुरू होतात. पाल्यावर काहीही फवारलं असेल, तर बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते पान त्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही. चाळून कुजवलेलं साधं शेणखत किंवा पाल्याचं खत वापरा आणि कुंड्या त्याच्या नाकाच्या उंचीच्या वर ठेवा.

नवीन पान सुरू करताना एका वेळी एकच द्या, आणि तीन-चार दिवस गेल्याशिवाय दुसरं नको. खाजवू लागला, कान लाल झाले, शी पातळ झाली, तर कशामुळे झालं ते लगेच कळतं.

आणि या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्याच, तो ठणठणीत दिसत असला तरी. दात आणि सांधे एकाच फेरीत तपासून होतील. वाटण खाल्ल्याचा दिवस, अंदाजे किती खाल्लं आणि त्याचं वजन एका कागदावर लिहून न्या, आणि त्याच वेळी रक्ताची तपासणी करायला सांगा. तांबड्या पेशी किती आहेत आणि कशा आहेत हे त्यात दिसतं. अहवाल चांगला आला की तुमची झोपही परत येईल. तोवर त्याला फक्त कोथिंबीर द्या.